सुई स्वस्त, गाणे महाग

गेल्या माघात रब्बी ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगासाठी माण तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. कणसे खुडली, वजन केले, कागद भरले. मग शेताचे मालक, ज्यांना सारा गाव आबा म्हणतो, आम्हाला चहाला घरी घेऊन गेले. चहा होतो न होतो तोच आबांनी माळ्यावरून एक पेटी उतरवली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. उघडली तर आत रेकॉर्ड प्लेअर! शेजारी तबकड्यांच्या दोन चळती.

आबा म्हणाले, "साहेब, बियाण्याचं, खताचं तुम्ही नेहमी सांगता. आज ह्याचं औषध सांगा. गाणं लागतंय, पण घसा बसल्यागत लागतंय."

मावा, तुडतुडे पाहायला आम्ही खिशात भिंग बाळगतोच. ते काढून सुई पाहिली आणि काय सांगू! सुईचे टोक केव्हाच मोडले होते. नातवाने त्या जागी टाचणीचा तुकडा तोडून चिकटवला होता. पोराचा हेतू चांगला होता, आजोबांना गाणे ऐकवायचे होते. पण त्या टाचणीने गीतरामायणाच्या तबकडीचे पहिले गाणे पार खरवडून काढले होते.

वाचकहो, असा एखादा डबा तुमच्याही माळ्यावर असेल. कुणाच्या आजोबांनी मुंबईला गिरणीत असताना घेतलेला, कुणाच्या घरी लग्नसराईत लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता त्यातला. १९८० नंतर कॅसेटी आल्या आणि हे डबे वर गेले. आता घरातले कुणी हौसेने तो उतरवते, धूळ पुसते आणि थेट गाणे लावते. नेमके हेच करू नका. आधी सुई पाहा. का, ते सांगतो.

तबकडी म्हणजे नांगरलेले रान

तबकडीवर दिसतात त्या अनेक गोल रेघा नव्हेत. ती एकच रेघ आहे, कडेपासून मध्यापर्यंत गुंडाळत गेलेली. एकाच बैलजोडीने न थांबता एकच तास गोल गोल मारत रानाच्या मध्यावर यावे, तसे. बारा इंची लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूची ही खाच उलगडून सरळ केली, तर सुमारे साडेचारशे मीटर भरेल. दहा इंची जुन्या तबकडीची सव्वाशे मीटरच्या आसपास. या खाचेच्या दोन्ही भिंतींवर बारीक नागमोडी कोरलेली असते. सुई त्या नागमोडीतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचे गाणे होते.

म्हणजे सुई हा फाळ आणि खाच हा तास. पण इथे एक मोठा फरक आहे आणि तोच सगळ्यांना फसवतो. नांगराचा फाळ झिजला की बोथट होतो. रेकॉर्डची सुई झिजली की उलट धारदार होते. नव्या सुईचे टोक गोल, गुळगुळीत असते. ते खाचेच्या दोन भिंतींना टेकून सरकते. तासन्‌तास घासून टोकाच्या दोन्ही बाजू सपाट होतात आणि त्या सपाटीच्या कडांना पटाशीसारखी धार येते. मग सुई खाचेतून सरकत नाही, भिंती तासत जाते. त्या भिंतींवरच गाणे आहे. एकदा ते तासले गेले की जगातली कुठलीही नवी सुई ते परत आणू शकत नाही.

लाखेची तबकडी आणि माझी चूक

घरात दोन जातींच्या तबकड्या असतात, त्या आधी वेगळ्या करा. एक जात जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे. दुसरी हलकी, थोडी लवणारी, प्लॅस्टिकसारख्या विनाइलची. हिच्यात ३३⅓ फेऱ्यांची मोठी लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ साली आणि ४५ फेऱ्यांची छोटी १९४९ साली बाजारात आली. आपल्याकडे ७८ च्या तबकड्या १९६० नंतरही निघत होत्या, त्यामुळे एकाच घरात दोन्ही सापडतात.

जुनी ७८ ची तबकडी लाखेची असते. होय, पळस, बोर आणि कोशिंब या झाडांवर लाखेचा किडा जी लाख तयार करतो, तीच. छोटा नागपूरच्या पठारावर आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलातही ती होते. तिच्यावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून आहे. शुद्ध केलेली लाख, दगडाची वस्त्रगाळ पूड, काजळी आणि थोडे सुताचे तंतू गरम करून मळायचे आणि साच्यात दाबायचे, की तबकडी तयार. आपल्या देशात गाण्यांचे ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला सुरू झाले आणि पुढे तबकड्या बनवण्याचा कारखानाही तिथेच निघाला. दुसऱ्या महायुद्धात भारतातून लाख जाणे अवघड झाले, तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारला तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर कपात लावावी लागली होती. आपल्या पळसा-बोरावरच्या किड्यावाचून साऱ्या जगाचे गाणे अडत होते!

हे सगळे मला १९९१ सालीही ठाऊक होते. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो आणि 'लाखेचा किडा' यावर परीक्षेत टीप लिहून दिवाळीच्या सुटीत घरी आलो होतो. आजीकडे बालगंधर्वांची एक तबकडी होती. ती फार धुळकट दिसली म्हणून मी गुरांच्या इंजेक्शनसाठी आणलेले स्पिरिट कापसावर घेतले आणि पुसायला लागलो. कापूस काळा होऊ लागला. मला वाटले, केवढी घाण निघतेय! आणखी जोर लावला. आजी शेजारी वाती वळत बसली होती. तिने विचारले, "निघाली का रे घाण?" मी म्हणालो, "निघतेय."

घाण नव्हती ती, तबकडी होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडा लाख स्पिरिटात भिजवून फर्निचरला पॉलिश करतो, ते याच गुणावर. पुस्तकातली लाख आणि हातातली तबकडी एकच, हे माझ्या डोक्यात आले नाही. तबकडी लावली तर नुसती खरखर. मी खाली मान घालून बसलो. आजी म्हणाली, "राहू दे. मला पाठ आहे ते."

ती तबकडी अजून माझ्या कपाटात आहे. वाजत नाही.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा: ७८ च्या तबकडीला स्पिरिटचा थेंबही लावू नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर कुठल्याच तबकडीला नको.

कोणत्या तबकडीला कोणती सुई?

१) चावीचा कर्ण्याचा ग्रामोफोन. याला पोलादी सुई लागते आणि ती एका बाजूपुरतीच असते. एक बाजू वाजली की सुई काढून टाकायची, दुसऱ्या बाजूला नवी. जुन्या काळी दोनशे सुयांच्या पत्र्याच्या डब्या मिळत, त्या उगाच नव्हे. तबकडीतली दगडाची पूड सुईला पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची घासून घेते. तीन मिनिटांत सुईचे आयुष्य संपते. तीच सुई दहादा वापरली तर तबकडी राखाडी पडते. लाऊडस्पीकरवाल्यांकडच्या बहुतेक तबकड्यांची हीच गत झालेली दिसते. वापरलेली सुई पुन्हा डबीत टाकू नका, वेगळ्या बाटलीत टाका, नाहीतर नवी-जुनी ओळखू येणार नाही. आणि या यंत्रावर विनाइलची तबकडी चुकूनही लावू नका. याच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमच्या वर असते. एका फेरीतच मऊ विनाइल नांगरले जाईल.

२) विजेवरचा किंवा सेलवरचा प्लेअर. याची सुई म्हणजे एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेला खडा. खडा नीलमण्याचा, म्हणजे कृत्रिम सफायरचा, असेल तर ५० ते १०० तास चालतो. हिऱ्याचा असेल तर ५०० ते १००० तास. रोज एक तास ऐकणाऱ्या घरी सफायरची सुई दोन-तीन महिन्यांत बदलावी लागेल, हिऱ्याची साधारण सव्वा वर्षाने तपासायला हवी. विकत घेताना खडा कोणता, ते विचारूनच घ्या. हिऱ्याची सुई महाग पडते, पण तासांचा हिशेब केला तर तीच परवडते.

३) ७८ ची सुई आणि लाँग प्लेची सुई वेगळी. लाँग प्लेच्या सुईचे टोक ७८ च्या सुईच्या साधारण चौथाई असते. पुष्कळ जुन्या प्लेअरांत दोन्ही सुया एकाच डोक्यात पाठीला पाठ लावून असतात आणि छोटी कळ फिरवून हवी ती खाली घेता येते. कळ फिरवायला विसरू नका. लाँग प्लेची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला जाऊन कचऱ्यात रुतते. ७८ ची जाड सुई लाँग प्लेच्या बारीक खाचेत मावत नाही, वरच्या कडा चिरडत जाते. उसाची सरी पाडायच्या नांगराने कोणी भुईमुगाची आंतरमशागत करतो का?

टाचणी, शिवणाची सुई, बाभळीचा काटा ही या प्लेअरची सुई नव्हे. परदेशात कर्ण्याच्या ग्रामोफोनसाठी बांबूच्या आणि निवडुंगाच्या काट्याच्या सुया वापरत, हे खरे; पण त्या मुद्दाम घडवलेल्या असत आणि लाखेच्या तबकडीसाठीच असत.

नवी सुई आणायला जाताना जुनी सुई डबीत घालून बरोबर न्या आणि प्लेअरचे नाव, नंबर व सुईजवळच्या कार्ट्रिजवरचा नंबर कागदावर उतरवून घ्या. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मोठ्या शहरांतल्या काही संगीताच्या दुकानांत चौकशी करता येते. हल्ली घरपोचही मागवता येते. नमुना जुळला नाही तर घेऊ नका.

सुई झिजली हे ओळखायचे कसे?

भिंगातून मोडकी, वाकडी किंवा कचरा लागलेली सुई दिसते. झीज मात्र साध्या भिंगातून दिसेलच असे नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून कानावर आणि वहीवर भरवसा ठेवा.

• 'स', 'श', 'च' ही अक्षरे फुसफुसू लागली, तर संशय घ्या.

• बाजूचे शेवटचे गाणे फाटके वाटते का पाहा. तबकडी आत जाईल तसा फेरा लहान होतो, तेवढ्याच वेळाचे गाणे थोड्या जागेत कोंबलेले असते. झिजलेली सुई तिथे आधी उघडी पडते.

• एकाच तबकडीवर नव्हे, साऱ्या तबकड्यांवर खरखर येत असेल, तर दोष बहुधा सुईचा.

• दुधाच्या हिशेबाची वही ठेवता तशी प्लेअरच्या झाकणाला एक कार्ड लावा. सुई बसवल्याची तारीख लिहा आणि प्रत्येक तबकडीला एक रेघ मारा. लाँग प्लेच्या दोन्ही बाजू म्हणजे साधारण पाऊण तास धरा.

सुई कधी बसवली हेच घरात कुणाला सांगता येत नसेल, तर ती झिजलेली आहे असेच समजा. माळ्यावरून उतरवलेल्या प्रत्येक प्लेअरला हा नियम लागू.

वजन आणि नाणे

सुई उड्या मारते म्हणून डोक्यावर नाणे ठेवायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. उडी का मारते ते शोधा. सुईला कचरा लागला असेल, तबकडी वाकली असेल, टेबल डगमगत असेल किंवा सुई झिजली असेल. नाणे ठेवल्याने उडी थांबते, पण झीज वाढते. नव्या धाटणीच्या प्लेअरवर दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. जुन्या पेटीवजा प्लेअरवर पाच-सहा ग्रॅम, काहींवर थोडा अधिकही लागतो. सोनाराच्या काट्यावर सुई अलगद टेकवून भार पाहता येतो. काट्याचे ताट तबकडीच्याच उंचीवर घ्या. कमी भारही चांगला नव्हे. सुई खाचेत हिंदकळते आणि भिंतींवर आपटते.

साफसफाई

सुई स्वच्छ करायला चित्रकलेचा मऊ, कोरडा ब्रश घ्या. आवाज पूर्ण बंद करा. दांडीच्या मुळाकडून टोकाकडे, म्हणजे मागून पुढे, हलका हात फिरवा. आडवा कधीच नाही. बोटाने धूळ काढू नका, बोटाचे तेल सुईला लागते आणि दांडी वाकते. तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते.

तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरा. वाजवण्याआधी मऊ मखमली कापडाने रेघांच्या दिशेने गोल पुसा. फार मळलेली असेल तर बॅटरीसाठी सीलबंद मिळते ते डिस्टिल्ड वॉटर लिटरभर घ्या, त्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाका. कापड ओले करून पिळा आणि गोल फिरवा. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या पाण्याच्या कापडाने साबण काढा आणि सावलीत उभी ठेवून वाळवा. लाखेची तबकडी भिजत ठेवू नका, पुसली की लगेच कोरडी करा. रिठ्या-शिकेकाईचे पाणी नको, चोथा खाचेत बसतो.

ठेवायचे कुठे?

पोत्यांवर पोती रचतो तशा तबकड्या आडव्या रचू नका. खालच्या वाकतात, लाखेच्या तडकतात. पुस्तकांसारख्या उभ्या आणि सरळ ठेवा, तिरक्या नव्हे. पत्र्याखाली, चुलीच्या भिंतीला किंवा उन्हाच्या खिडकीत नकोत. लाख आणि विनाइल दोन्ही उष्णतेने मऊ पडतात. पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर पाकिटाचा कागद खाते, म्हणून भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवा आणि उघडीप पाहून पाकिटे वाऱ्यावर धरा. मृग लागण्याआधी आपण बियाण्याची कणगी तपासतो, त्याच दिवशी हेही काम उरकून घ्या.

यंत्राचे थोडे

फेरे बरोबर आहेत का हे घरी पाहता येते. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. ७८ ची असेल तर मिनिटात ७८ फेरे, ३३⅓ ची असेल तर तीन मिनिटांत शंभर. कमी भरले तर रबरी चाक किंवा पट्टा कडक झाला असेल किंवा तेल आटले असेल. शिलाई यंत्राचे तेल मोटारीच्या आसाला एक-दोन थेंब पुरे. रबराला तेल लागता कामा नये.

चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग डब्यात दाबून बसवलेली असते. तो डबा घरी उघडू नका. स्प्रिंग सुटली तर बोटे तोडील. वाजवून झाले की चावी पूर्ण उतरू द्या. सेलवरच्या प्लेअरमधले सेल वापर नसताना काढून ठेवा. विजेवरचा प्लेअर वर्षानुवर्षे बंद असेल, तर जाणकार मेकॅनिकला दाखवूनच प्लगला लावा.

शेवटी एक सांगणे

नवी सुई बसवलीत की पहिले काम हे करा. घरातल्या ज्या तबकड्या पुन्हा मिळणार नाहीत, त्या एकदा स्वच्छ करून वाजवा आणि संगणकावर किंवा निदान मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. रोजचे ऐकणे त्यावर होऊ द्या. तबकडी सणासुदीला काढा. घरात खायचे धान्य वेगळे आणि बियाण्याचे वेगळे, हे आपल्याला शिकवायला लागत नाही.

आबांच्या घरी चैत्रात पुन्हा गेलो, तेव्हा त्यांच्या नातवाने हिऱ्याची सुई मागवून बसवली होती. झाकणाला कार्ड लावले होते, त्यावर चार रेघा. गीतरामायणाच्या त्या तबकडीचे पहिले गाणे आता कायमचे घोगरे झाले आहे. पण टाचणी तिथेच थांबली होती. दुसरे गाणे लागले आणि आबांच्या घरच्या मंडळी सैपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. उभ्यानेच ऐकत राहिल्या.

नातवाने मला विचारले, "पहिलं गाणं पुसून नीट होईल का, साहेब?" त्याला नाही म्हणून सांगावे लागले.